सिंधूमावशीची बोहनी

माझी माय दिवसभर पाणी प्यायची नाही. लहानपणी मला यात काही वेगळं वाटायचं नाही, कारण गुजरीतली कोणतीच बाई प्यायची नाही. आमच्या गावात रोजच्या भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. नगरपालिकेच्या मागे, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून ती भरायची. अजूनही तिथेच भरते. उजाडायच्या आधी बाया टोपल्या उतरवायच्या, दोघी-दोघींनी भिंतीमागे जाऊन यायच्या आणि त्यानंतर दिवे लागेपर्यंत सोय अशी काही नव्हती. पुरुष कुठेही उभे राहत. बायांनी मग पाणीच बंद केलं होतं. उन्हाळ्यात, वर्ध्याचा उन्हाळा कसा असतो ते ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको, तोंडात सुपारीचं खांड धरून माय बसायची. सांबार सुकू नये म्हणून त्यावर पाणी शिंपायची, आणि ओला हात तेवढा स्वतःच्या मानेवरून फिरवायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

आमचं घर माळीपुऱ्यात होतं. मातीच्या भिंती, पुढे टिनाचं छप्पर, आणि अंगणात कायम ओला चिखल, कारण वाडीतून आलेली भाजी तिथेच धुतली जायची. वाडी नाल्यापलीकडे होती. बाबा तिथे इंजिन सुरू करायचे तेव्हा त्याचा डुकडुक आवाज घरापर्यंत यायचा, आणि तो थांबला की माय चुलीवर तवा ठेवायची. बाबा फार कमी बोलायचे. ज्वारीची भाकर, वर ओलसर चून, म्हणजे पिठलं, आणि मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी. विकून उरलेली वांगी रात्री भाजली जायची, त्यामुळे चांगलं, ताजं वांगं आमच्या घरात कधी शिजल्याचं मला आठवत नाही. मी आणि माय मेथीच्या जुड्या बांधायचो. माय जुडी अशी बांधायची की ती लहान असून मोठी दिसावी, आणि मी विचारलं की म्हणायची, सगळ्याच बांधतात. माझ्या केसांना, वहीला, शाळेच्या पोशाखाला मेथीचा वास असायचा. मुली नाक मुरडायच्या. मीही मुरडून घ्यायची त्यांच्याकडे पाहून, आणि पुढच्या बाकावरच बसायची.

गुजरीत मायच्या शेजारी सिंधूमावशी बसायची. ती कुणबीपुऱ्यातली. तिच्या घरी दोन एकर कोरडवाहू होतं आणि बांधावरच्या तुरीच्या शेंगा, वाल, लाखोळीची भाजी, आणि कधी घरची वांगी घेऊन ती यायची. दांडगी बाई, आवाज मोठा, हसली की पलीकडच्या फळवाल्यालाही कळायचं. या दोघींचा एक नेम होता, जो तसा साऱ्या गुजरीचाच होता. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी शेजारणीने शेजारणीकडून काहीतरी घ्यायचं. सिंधूमावशी मायकडून सांबाराची एक जुडी घ्यायची, माय तिच्याकडून ओंजळभर शेंगा. पैसे खरे द्यायचे, उधार नाही. ते कपाळाला लावायचे आणि पदराच्या गाठीत टाकायचे. झाली बोहनी. त्यानंतर दिवस कसाही जावो, कोणी रित्या हाताने सुरुवात केली असं होत नसे. दोघींकडे वांगी असली तरी भांडण नव्हतं. एकीचा ढीग मोठा राहिला की दुसरी गिऱ्हाइकाला सांगायची, तिच्याकडली पाहा, आज चांगली आहेत. भिंतीमागे जायच्या वेळीही त्याच दोघी. एक आत गेली की दुसरी लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून उभी राहायची. ते लुगडं म्हणजे आमच्या गुजरीचा संडास होता.

नगरपालिकेने गुजरीत बायांसाठी संडास आणि नळ बांधायचं अनेकदा ठरवलं होतं. भूमिपूजन व्हायचं, नारळ फुटायचा, नगराध्यक्षाच्या नावाची फरशी भिंतीजवळ बसवली जायची. पुढे माशी शिंकायची. नवा नगराध्यक्ष आला की जुनी फरशी काढून बाजूला टेकवत आणि नवी बसवत. माळीपुऱ्यातले म्हणत, आमच्या बाजूला मारुतीचं देऊळ आहे, इकडे नको. कुणबीपुऱ्यातले म्हणत, आमच्या घरांच्या तोंडाशी ही घाण नको, तिकडे बांधा. गुजरीला दोनच बाजू होत्या. काढलेल्या फरश्या बाया बसायला घेत, कारण खालची जमीन ओली असायची. माय ज्या फरशीवर बसायची तिच्यावरचं नाव मी वाचायला शिकत असताना बोट फिरवून वाचलं होतं. तो गृहस्थ तोवर वारलाही होता.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास बायांसाठी जागा राखीव झाल्या आणि चिठ्ठीत आमचा वार्ड निघाला. वार्डात माळीपुरा अर्धा, कुणबीपुरा अर्धा, आणि कडेला इतरांची थोडी घरं, ज्यांची कुणी मोजदादही करत नसे. सगळ्यांत आधी गुजरीतल्या बायांनी आपसांत ठरवलं की आपल्यातलीच एक पाठवायची. सिंधूमावशीचं नाव पुढे आलं, तिचा आवाज मोठा म्हणून. तिला दुसरं काही बोलायचं नव्हतं. संडास आणि नळ, एवढंच. माय त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापताना आपल्याशीच हसत होती. बाबांनी विचारलं तर म्हणाली की सिंधू पालिकेत गेली तर तिथल्या साहेबाला खुर्चीवरून उठवून उन्हात बसवील.

ही बातमी देवरावजींना कळायला वेळ लागला नाही. देवरावजी आमच्या समाजाचे मोठे माणूस. पांढरा सदरा, हळू बोलणं, आणि कोणाच्या लग्नाला, मयतीला न चुकता हजर. ते संध्याकाळी आमच्या अंगणात खाटेवर येऊन बसले. मायने पाटवडीचा रस्सा केला होता, तो त्यांनी मागून घेऊन खाल्ला, तारीफ केली, आणि मग विषय काढला. सिंधूबाई चांगली आहे, पण निवडून आली की ती तिच्या लोकांची होईल, असं त्यांचं म्हणणं. संडास कोणत्या बाजूला बांधायचा ते मग तिचे लोक ठरवतील. माय म्हणाली, कोणत्याही बाजूला बांधू द्या, झाला म्हणजे झालं. देवरावजी हसले.

“वच्छला, तूच उभी राह्य ना,” ते म्हणाले. “तुमी दोघी एकाच कामासाठी उभ्या राहान. दोघीतून कोनीबी आली तं काम होतेच. मंग तुले भेव कायचं?”

मायला ते पटलं. मला याचं आजही सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. ती भोळी नव्हती, फाटकी नोट कोणी तिच्याकडे खपवून दाखवावी. पण शेजारी शेजारी एकच भाजी घेऊन बसायची तिला उभ्या आयुष्याची सवय होती. दोघींच्या टोपलीत वांगी असली तर गिऱ्हाईक कोणाकडूनही घेतं, घरी वांगीच जातात, आणि संध्याकाळी दोघी सोबतच टोपल्या उचलतात. मतांचंही असंच असणार, असा तिचा हिशेब. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूमावशीला विचारायला गेली, मी सोबत होते. सिंधूमावशी मोठ्याने हसली आणि म्हणाली की दोघीतली एक तर जाईलच, जी जाईल तिने आधी दुसरीसाठी बांधायचा. अर्ज भरायला जाताना दोघींनी रोजच्यासारखी एकमेकींची बोहनी केली. निवडणुकीचं चिन्ह म्हणून मायला कपबशी मिळाली, सिंधूमावशीला शिलाई मशीन. माझ्या मायला चहा आवडत नव्हता आणि मावशीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, यावर दोघी खूप हसल्या. त्यांचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच शेवटचं, पुढे दोघी एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

नंतर प्रचार सुरू झाला आणि तो त्या दोघींच्या हातात राहिलाच नाही. आमच्या अंगणात पोरं जमू लागली, कढईत रोज आलुपोंगे तळले जाऊ लागले, आणि मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं असे काका मायला “आपली ताई” म्हणू लागले. मारुतीच्या देवळात समाजाची बैठक झाली. तिथे संडासाचं नावही कोणी काढलं नाही. आपली घरं किती आणि त्यांची किती, कोण फुटू शकतं, कोणाचा जावई तिकडचा आहे, एवढंच चाललं. शेवटी प्रत्येक घरच्या कर्त्याने देवापुढचं बेलाचं पान उचललं, की मत समाजाबाहेर जाणार नाही. बाबांनीही उचललं. तिकडे कुणबीपुऱ्यातही बैठक झाली, तिथेही असंच काहीतरी उचललं गेलं असणार. मी तिथे नव्हते, पण पानं एकाच झाडाची असतात.

मग कुठून तरी आलं की सिंधूबाई म्हणते, माळणी भाजी नालीच्या पाण्यात धुतात. आमची वाडी नाल्यापलीकडे होती, आम्ही विहिरीच्या पाण्याने धुवायचो. तरी त्या आठवड्यात मायची भाजी संध्याकाळपर्यंत उरू लागली. तिकडे पसरलं की वच्छला सिंधूच्या मापात खोट आहे म्हणते. मायच्या तोंडून असं काही निघालेलं मी ऐकलं नव्हतं. पण गिऱ्हाईक आता टोपलीपुढे उभं राहून आधी बाईकडे पाहायचं आणि मग भाजीकडे. आमचे लोक आमच्याकडून, त्यांचे त्यांच्याकडून. गुजरीचे असे दोन भाग पडायला जेमतेम पंधरवडा लागला.

एका सकाळी मायने सिंधूमावशीच्या शेंगा घेतल्या नाहीत. टोपलीवरचं ओलं फडकं नीट करत बसली. मावशी उठून समोर आली. आमच्या मागेच देवरावजींची पोरं पत्रकांचे गठ्ठे घेऊन उभी होती.

“वच्छला, माह्या तोंडाकडं पाहून सांग,” ती म्हणाली. “मी असं म्हनन काय?”

माय बोलणार होती, असं मला आजही वाटतं, तिचे ओठ हलले होते. पण मागे पोरं उभी होती आणि तिने मान खाली घालून मेथीची जुडी सोडली, आणि पुन्हा बांधली. सिंधूमावशी परत जाऊन बसली नाही. तिने टोपली उचलली आणि रस्त्याच्या पलीकडे, कुणबीपुऱ्याच्या अंगाला जाऊन बसली. तिच्या जागेवर ती रिकामी फरशी तेवढी राहिली, कोणा एका नगराध्यक्षाच्या नावाची.

माय निवडून आली. गुलाल इतका होता की दुसऱ्या दिवशी भाजीलाही लागला. जीपमध्ये तिच्या गळ्यात हार होते आणि मी तिच्या बाजूला दाटीवाटीने बसले होते. मिरवणूक काही कारण नसताना कुणबीपुऱ्यातून वळवली गेली. सिंधूमावशीच्या दारासमोर पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि ती संपेपर्यंत जीप तिथेच थांबवली. दार बंद होतं. मायने ड्रायव्हरला चल म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं, पण त्या आवाजात तिचं ऐकू कोणाला जाणार. मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला सांगू, आयुष्यात पहिल्यांदाच लोक मेथीच्या वासाच्या मुलीकडे मान वर करून पाहत होते.

पहिल्या सभेला माय नवं लुगडं नेसून गेली. परत आली ती घाईघाईने, सरळ मागच्या दारी गेली. नगरपालिकेच्या इमारतीतही बायांसाठी संडास नव्हता. बाया निवडून येतील असं बांधणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. म्हणजे माय गुजरीत पाणी न पिता बसायची, ती आता खुर्चीवर पाणी न पिता बसू लागली. समोर शिपाई भरलेला पेला ठेवायचा आणि सभा संपल्यावर भरलेलाच उचलायचा. बोलायचं काम देवरावजी करत. ते नगरसेवक नव्हते, पण मायच्या मागे त्यांची खुर्ची मांडलेली असे आणि कोणी हरकत घेत नसे, कारण प्रत्येक बाईच्या मागे कोणीतरी बसलेलंच होतं.

संडासाचा विषय तिने काढला. एकदा नव्हे, वर्षभर काढला. एक भूमिपूजनही झालं, या वेळी फरशीवर मायचं नाव आलं. तिकडचे सभासद म्हणाले, जरूर बांधा, तुमच्या बाजूला. आमचे म्हणाले, मंजूर आहे, तुमच्या बाजूला. शेवटी जागेअभावी विषय मागे पडला आणि निधी परत जाऊ नये म्हणून दोन सभागृहं मंजूर झाली, एक माळी समाजाचं, एक कुणबी समाजाचं. त्यासाठी दोन जागा मात्र लगेच सापडल्या. त्या ठरावावर दोन्हीकडचे हात एकदम वर गेले. नगरपालिकेत आजवर झालेली एकी म्हणायची तर तेवढीच. मी संध्याकाळी मायला विचारलं की तूही हात वर केलास का. ती तांदूळ निवडत होती.

“सगळ्यायनं केला,” म्हणाली. “देवरावजी म्हने, आधी समाज. मंग बाकीचं.”

ते बाकीचं कधी आलं नाही. मी हे लिहायला बसले त्याच आठवड्यात, बोरगाव मेघेतल्या माझ्या घरी, कुठल्याशा निवडणुकीची पोरं आली होती. चांगली शिकलेली, हातात मोबाईल. आमच्या गल्लीत पंधरा दिवस पाणी गढूळ येतंय, मी तेच सांगायला तोंड उघडलं. एकाने अदबीने विचारलं, “काकू, तुम्ही आडनाव काय लावता?” मी आडनाव सांगितलं. त्याने मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, मग तुम्ही आपल्याच आहात. पाण्याचं त्याने विचारलं नाही. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ आतल्या पायरीवरच बसून राहिले. मला राग येतो, पण त्यातून काही होईल असं आता वाटत नाही. तरुणपणी वाटायचं.

मायची मुदत संपली, वार्डाचं आरक्षण बदललं, आणि देवरावजींची पांढरी स्वारी दुसऱ्या कोणाच्या अंगणात पाटवडी खाऊ लागली. माय पुन्हा गुजरीत बसू लागली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. भिंतीमागे जायला तिला कोणी सोबतीण नव्हती, मी पदर धरून उभी राहिले. तिने भाजी मांडली, पाणी शिंपलं, आणि गिऱ्हाइकं येऊ लागली तरी हात आखडून बसली. तिला विकायचं नव्हतं अजून. थोड्या वेळाने सांबाराची सगळ्यांत चांगली जुडी काढून तिने माझ्या हातात दिली आणि रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

सिंधूमावशी बरीच वाळली होती. पाय सुजलेले दिसत होते. गुजरीत कुजबुज होती की तिला लघवीचा त्रास आहे, आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे. मी जुडी पुढे केली आणि मायने पाठवली म्हणून सांगितलं. तिने जुडीकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे मायकडे पाहिलं. हात वर उचलला आणि मला वाटलं घेतेच. तिने तो हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

“सांगजो मायले,” ती म्हणाली, “माही बोहनी झाली म्हना.”

झाली नव्हती. तिच्या शेंगांच्या ढिगाला कोणाचा हात लागलेला नव्हता, पदराची गाठही सुटलेली होती. मी परत येऊन निरोप दिला. माय बरं म्हणाली आणि ती जुडी इतर जुड्यांच्या खाली ठेवून दिली. पुढच्या पावसाळ्यात सिंधूमावशी गेली. कुणबी समाजाच्या नव्या सभागृहात तेरवीचं जेवण झालं, आमच्याकडे बोलावणं आलं नाही. माय त्या दिवशी गुजरीत गेली नाही, एवढंच तिने केलं.

दोन्ही सभागृहं अजून आहेत. लग्नाच्या हंगामात तिथे रोषणाई असते, आणि आता इतर समाजांचीही झाली आहेत, एकापेक्षा एक उंच. मायच्या नावाची संडासाच्या भूमिपूजनाची फरशीही गुजरीत आहे, मागे गेले तेव्हा तिच्यावर एक तरुण बाई वांगी घेऊन बसली होती. मी तिला पाण्याची बाटली पुढे केली. तिने हसून मान हलवली.

माय आता माझ्याकडे असते. तिच्या खोलीला लागूनच संडास आहे, पलंगापासून चार पावलांवर. तिच्या ध्यानात फारसं काही राहत नाही, माझं नावही कधी राहत नाही. किडनीचं दुखणं आहे, पाणी पाजत राहा असं डॉक्टर बजावतात. सकाळी मी गिलास घेऊन तिच्याजवळ बसते. ती खिडकीतून बाहेर पाहत विचारते, “सिंधूची बोहनी झाली का व?”

मी झाली म्हणून सांगते. तिला बरं वाटतं. मग मी गिलास ओठांशी नेते, आणि ती हाताने हळूच बाजूला सारते.

“आता नोको,” म्हणते. “घरी गेल्यावर पिईन.”